काल दिसला नाहीत?

व्यायाम करायला हवा, हे साठीनंतर कुणाला सांगावं लागत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली 'रोज चालणे' लिहिलेलं असतं, मुलगा फोनवर बजावतो, सून स्मार्टवॉच आणून मनगटाला बांधते. तरी महिन्याभरात बूट माळ्यावर जातात आणि घड्याळ चार्जिंगविना पडून राहतं. माहिती कमी पडते म्हणून हे होत नाही. भीतीही फार काळ पुरत नाही. अँजिओप्लास्टीनंतर नेमानं चालणारे गृहस्थ सहाव्या महिन्यात पुन्हा सोफ्यावर दिसतात, कारण तोवर भीती ओसरलेली असते. ज्यांचं वर्षानुवर्षं टिकतं, त्यांना विचारून पाहा. रक्तातली साखर, गुडघे वगैरे बोलून झाल्यावर ते हळूच सांगतात: "नाही गेलं की दुसऱ्या दिवशी सगळे विचारतात हो, काल दिसला नाहीत?"

म्हणून खारघरमधल्या ज्येष्ठांना आणि त्यांचे गट चालवणाऱ्यांना पहिला सल्ला हा, की व्यायाम कोणता ते मागाहून ठरवा. आधी अशी जागा शोधा, जिथे तुमची गैरहजेरी कुणाच्या तरी लक्षात येईल.

याचं उत्तम उदाहरण आपल्या जवळचंच आहे. १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या बागेत अवघ्या पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला. पहिल्यांदा एकेकानं विनोद सांगायचा आणि बाकीच्यांनी हसायचं, अशी रीत होती. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले आणि कुणाला ना कुणाला टोचणारे तेवढे उरले. तेव्हा कटारियांनी विनोदच काढून टाकला आणि नुसतं हसायचं ठरवलं. क्लब बंद पडला नाही, उलट जगभर पसरला. माणसं विनोदासाठी येतच नव्हती, हे तिथे उघड झालं. पुण्यात विठ्ठल काटे यांच्या नवचैतन्य हास्ययोग परिवाराच्या बागांमधूनही तेच दिसतं. हात वर करून 'हो हो, हा हा' करणाऱ्या आज्या-आजोबांकडे बघून तरुणांना गंमत वाटते, पण तासाभरानंतर तीच मंडळी कट्ट्यावर बसून एकमेकांच्या औषधांची चौकशी करत असतात. व्यायामाला बांधून ठेवते ती ही चौकशी.

गट कसा असावा, यावर थोडं संशोधनही झालं आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी ६५ वर्षांवरच्या ६२७ जणांना वायएमसीएच्या व्यायामवर्गांत २४ आठवडे बसवून पाहिलं. काहींना आपल्याच वयाच्या लोकांचा वर्ग मिळाला, तर काहींना सर्व वयांच्या लोकांचा नेहमीचा वर्ग. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की समवयस्कांच्या वर्गातली हजेरी अधिक राहिली, मग तो वर्ग फक्त पुरुषांचा किंवा फक्त बायकांचा असो, नाहीतर मिश्र असो. खारघरच्या नव्या टॉवरांमधली झकपक जिम आजी-आजोबा का वापरत नाहीत, याचं उत्तर यात आहे. शेजारी पंचविशीतला मुलगा कानात गाणी घालून ट्रेडमिलवर धावतो आहे आणि आपण सायकलचं पेडल शोधतो आहोत, हे दृश्य कुणालाही दुसऱ्या दिवशी घरीच बसवतं. सोसायटीच्या कमिटीला एवढंच सांगा, की आठवड्यातून तीन दिवस सकाळी दहा ते अकरा क्लबहाउस ज्येष्ठांना द्या. त्या वेळी तिथे कुणी फिरकतही नाही.

ही दहाची वेळ मी मुद्दाम लिहिली. आपल्याकडे ज्येष्ठांचा व्यायाम म्हटलं की पहाटे सहाच गृहीत धरतात. सहा वाजता मोकळे असतात ते आजोबा. आजी त्या वेळी नातवाच्या डब्याची भाजी परतत असतात, मग त्याला स्कूलबसपर्यंत पोचवतात. त्यांना सवड मिळते ती साडेनऊनंतर, नाहीतर दुपारी चारला. बागेतल्या सकाळच्या गटात बायका कमी दिसल्या, तर त्यांना आवड नाही असं समजू नका. वेळ बदलून बघा.

खारघरमध्ये गटाचं महत्त्व इतर गावांहून अधिक आहे. सिडकोनं आखलेल्या या वसाहतीत साठी ओलांडलेले बरेच जण मुलांच्या घरी, उतारवयात राहायला आलेले आहेत. आयुष्य साताऱ्यात, चिपळूणला, जळगावात किंवा गिरणगावात गेलेलं. तिथे पार होता, ओटा होता, रस्त्यात हाक मारणारं कुणी होतं. इथे अकराव्या मजल्यावरचं बंद दार. घरकुल, स्पॅगेटी, वास्तुविहार, सेलिब्रेशन अशा सिडकोच्या जुन्या वसाहतींत आणि केंद्रीय विहारमध्ये निदान ओळखीची दोन पिढ्यांची माणसं आहेत. पुढच्या सेक्टरांमधल्या टॉवरांत तेही नाही. अशा माणसाला नुसतं 'चाला' म्हणणं पुरेसं नाही, कोणाबरोबर हेही सांगावं लागतं.

कुठे शोधायचं? पहिली चौकशी आपल्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात किंवा विरंगुळा केंद्रात करावी. संघाचं सभासदत्व घ्या, पण कार्यक्रमांच्या भाषणांपेक्षा त्यांचा व्यायामाचा गट कोणत्या दिवशी जमतो ते आधी विचारा. योगासनांची गोडी असेल तर ठाण्याच्या अंबिका योग कुटीरची परंपरा मुंबई-नवी मुंबईत सर्वांना माहीत आहे: वर्ग निःशुल्क, आणि शिकवणारे साधकांतूनच तयार झालेले स्वयंसेवक. नागपुरात जनार्दन स्वामींनी १९५१ मध्ये सुरू केलेल्या योगाभ्यासी मंडळाचीही हीच रीत. कालचा विद्यार्थी आज सतरंज्या अंथरतो, परवा आकडे मोजतो, वर्षभरानं शिकवतो. ज्याच्याकडे किल्ली असते तो थंडीतही येतो, कारण तो आला नाही तर बाकीचे बाहेर ताटकळतात. गट चालवणाऱ्यांनी ही युक्ती उचलावी: प्रत्येकाला काहीतरी काम द्या. एकाकडे हजेरीची वही, एकीकडे वाढदिवसांची यादी, एकाकडे स्पीकर. ज्यांना काम नाही ते प्रेक्षक होतात, आणि प्रेक्षक उठून जायला वेळ लागत नाही.

आता व्यायामाकडे वळू. आपल्याकडे ज्येष्ठांचा व्यायाम म्हणजे चालणं, एवढंच समीकरण झालं आहे. चालणं उत्तमच, पण अपुरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना ६५ वर्षांवरच्यांसाठी तीन गोष्टी सांगतात. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम गतीची हालचाल, निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम, आणि निदान तीन दिवस तोल सांभाळण्यावर भर देणारे व्यायाम. बागेतल्या फेऱ्यांनी पहिली गोष्ट होते. उरलेल्या दोन बहुतेक जण करतच नाहीत, आणि म्हातारपणी घात होतो तो तिथेच. बाथरूममध्ये पाय घसरतो तेव्हा चालण्याचा दम कामाला येत नाही. मांडीची ताकद आणि तोल कामाला येतो.

या वयात ताकद वाढते का? १९९० मध्ये अमेरिकेत सरासरी नव्वदीच्या दहा वृद्धांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलून घेण्याचा प्रयोग झाला. त्यांच्या मांडीची ताकद सरासरी पावणेतीन पट झाली. प्रयोग छोटा होता, पण 'आता काय उपयोग' हे वाक्य त्यानंतर वैद्यकाच्या तोंडी शोभेनासं झालं. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात तयार झालेला घरच्या घरी करायचा कार्यक्रम तर आणखी साधा आहे. पायांच्या ताकदीचे आणि तोलाचे मोजके व्यायाम आणि जोडीला चालणं. त्यानं पडण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशानं कमी झालेलं दिसलं.

सुरुवात खुर्चीपासून करा. भिंतीला टेकवलेली, चाकं नसलेली घट्ट खुर्ची. छातीवर हात बांधून उठा, बसा. दहा वेळा सलग जमलं तर उत्तम. नाही जमलं तर हातांचा आधार घेऊन पाच वेळा, आणि दर आठवड्याला एक वाढवा. मग ओट्याला धरून टाचा उचलणं, एका पायावर दहा मोजेपर्यंत उभं राहणं, एका पावलापुढे दुसरं लावून सरळ रेषेत चालणं. श्वास कधी रोखायचा नाही, विशेषतः रक्तदाब असेल तर. काचबिंदू असणाऱ्यांनी डोकं खाली जाणारी आसनं टाळावीत. हाडं ठिसूळ झालेल्यांनी कमरेतून खोल पुढे वाकू नये. शिक्षक कितीही प्रेमळ असला तरी पहिल्याच दिवशी आपली दुखणी त्याच्या कानावर घाला. चालताना किती जोर लावायचा याचं माप सोपं आहे: बोलता आलं पाहिजे, पण गाता येऊ नये.

पावलांच्या आकड्यानं हैराण होऊ नका. रोज दहा हजार पावलांचा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमोजणी यंत्राच्या नावातून आला आहे, कुठल्या वैद्यकीय शोधातून नाही. सरासरी ७२ वर्षांच्या १६,७४१ अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज २,७०० च्या आसपास पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० च्या आसपास चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसलं, आणि ७,५०० नंतर आणखी फायदा दिसला नाही. चालल्यामुळेच आयुष्य वाढलं असं अशा निरीक्षणातून ठामपणे म्हणता येत नाही. पण दहा हजार होत नाहीत म्हणून काहीच न करणाऱ्यांनी तरी हे आकडे फ्रिजवर लावावेत. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना आजीची शतपावली अजूनही उपयोगी आहे. जेवणानंतर दर खेपेला १५ मिनिटं चालल्यानं साठीपुढच्या लोकांची दिवसभराची साखर सुधारते, असं २०१३ च्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात आढळलं. संध्याकाळच्या जेवणानंतर सोसायटीच्या पार्किंगभोवती चार जोडप्यांनी फेऱ्या मारायचं ठरवलं, तर त्यासाठी ना बूट लागतात ना फी.

आकड्यांपेक्षा आपलं स्वतःचं उद्दिष्ट बरं. ते जितकं घरगुती तितकं चांगलं. पूजेला खाली मांडी घालून बसायचंय आणि हाताचा आधार न घेता उठायचंय. जेजुरीच्या पायऱ्या चढायच्यात. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर सत्तरीतले वारकरी दरवर्षी चालतात. सगळी वारी नाही, तर निदान पुणे-सासवड टप्पा, दिवे घाटासह. ज्येष्ठात पालखी निघते, म्हणजे माघापासून तयारीला लागा. 'कोलेस्टेरॉल कमी करायचंय' या उद्दिष्टानं पहाटे कुणाला अंथरुणातून उठवल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

खारघरच्या हवेबद्दल थोडं स्पष्ट लिहायला हवं, कारण इथल्या मॉर्निंग वॉकची खरी अडचण तीच आहे. तीन ऋतूंना तीन वेळापत्रकं लागतात. सेंट्रल पार्क आणि डोंगराच्या कुशीतले रुंद रस्ते चालायला सुरेख, पण थंडीत तळोजा औद्योगिक वसाहतीच्या बाजूनं येणारा वास पहाटे इथल्या लोकांना चांगला ओळखीचा आहे. जानेवारी २०२१ मध्ये वातावरण फाउंडेशननं खारघरमध्ये पांढऱ्या कृत्रिम फुप्फुसांचा फलक उभारला होता. दोन आठवडे होण्याआधीच ती फुप्फुसं काळी पडली. हिवाळ्यात थंड हवा जमिनीलगत साचून राहते आणि धूर-धूळ तिच्यात अडकते. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी अंधारात बाहेर पडण्याचा हट्ट सोडा. ऊन वर आल्यावर, आठ-साडेआठनंतर चाला. दमा किंवा हृदयविकार असेल आणि हवा घाण वाटत असेल, तर त्या दिवशी घरात खुर्चीचे व्यायाम.

मार्च ते जूनमध्ये नेमकं उलट. सातच्या आत परत या. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण सोहळ्यात उष्माघातानं माणसं दगावली, तेव्हा पारा चाळीस अंशांच्या आतच होता. समुद्रालगतच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर तापत जातं. उतारवयात तहानही उशिरा लागते, म्हणून तहान लागायची वाट न पाहता पाणी प्या. मूत्रपिंडासाठी किंवा हृदयासाठी डॉक्टरांनी पाण्याचं माप दिलं असेल तर त्या मापात. आणि पावसाळ्यात पांडवकड्याच्या वाटेला जाऊ नका. तिथे बुडून जीव गेले आहेत आणि पावसात तिथे जायला बंदी घातली जाते. दूर राहणाऱ्यांनी सेंट्रल पार्कला मेट्रोनं यावं. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या बेलापूर-पेंधर मार्गावर त्याच नावाचं स्टेशन आहे, त्यामुळे शेवाळलेल्या पदपथावरून निम्मं चालणं वाचतं.

तरी चार महिने पाऊस कोसळतोच, आणि गट मोडतात ते याच काळात. ऑनलाइन वर्गाचा खरा उपयोग इथे आहे. टाळेबंदीत बागा बंद झाल्या तेव्हा हास्ययोगाचे वर्ग मोबाइलवर आले. तेव्हा 'स्क्रीनसमोर कसलं हसायचं' म्हणणारे पुढे त्यात रमले. पण यूट्यूबवर व्यायामाचा व्हिडिओ लावणं म्हणजे ऑनलाइन गट नव्हे. तुम्ही मधेच उठून चहा ठेवलात तरी व्हिडिओतल्या बाईंना कळत नाही. शिक्षकाला तुमचा चेहरा दिसला पाहिजे, त्यानं नावानं 'गुडघा आणखी थोडा वर, काकू' म्हटलं पाहिजे. दहा-बारा जणांपलीकडे हे जमत नाही. तीनशे जणांच्या फुकट वर्गापेक्षा बारा जणांचा, माफक फी असलेला वर्ग घ्या. आणि वर्गाच्या आधी पाच व नंतर दहा मिनिटं गप्पांसाठी राखून ठेवा, नाहीतर बागेतला कट्टा हरवतो. झूमची फुकट बैठक ४० मिनिटांत बंद होते, गुगल मीटची गट-बैठक तासाभरात. गप्पा नेमक्या रंगात आल्यावर पडदा काळा होतो, तेव्हा त्या हिशेबानं ठरवा.

घरातली मांडणी एकदा मुलांकडून करून घ्या. फोन हातात किंवा मांडीवर नको, स्टँडवर हवा आणि तुमची पावलंही त्यात दिसायला हवीत. जमल्यास चित्र टीव्हीवर घ्या. फरशीवर मोजे घालून व्यायाम करू नका, पाय सटकतो. पायाखाली सरकणारी सतरंजी नको, जाड रबरी चटई हवी. घरात तुम्ही एकटे असाल तर शिक्षकाकडे तुमचा पत्ता, शेजाऱ्याचा नंबर आणि मुलाचा नंबर लिहून ठेवलेला असावा. पडद्यावर कुणी कोसळलेलं दिसलं तर नेमकं कुठे फोन करायचा, हे त्या क्षणी शोधत बसता येत नाही. वर्गाची लिंक ओळखीच्या नंबरवरूनच घ्या, आणि नाव नोंदवायला कुणी ओटीपी मागितला तर फोन ठेवून द्या.

सहा महिने मुलाकडे न्यूजर्सीला जाणाऱ्यांनीही गट सोडू नये. खारघरमधल्या संध्याकाळी सातच्या वर्गाला तिथे उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात, म्हणजे मुलं कामावर गेलेली आणि घर रिकामं. परक्या गावातली ती सर्वांत लांब वेळ. इथला सकाळी सातचा वर्ग मात्र तिथे रात्री साडेनऊला येतो, तो झेपत नाही. गटाच्या वेळा ठरवताना परदेशी गेलेल्या दोघा-तिघांचा विचार करून एक संध्याकाळ ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅप गटाबद्दल माझं मत कडक आहे. सुप्रभातची फुलं आणि राजकारण आलं की व्यायाम संपला. व्यायामाच्या गटावर फक्त तीन गोष्टी असाव्यात: उद्याची वेळ, आज कोण आलं, आणि जो आला नाही त्याची खबर. बाकीचं सगळं दुसऱ्या गटावर. सलग दोन दिवस कुणी दिसलं नाही तर संदेश पाठवू नका, फोन करा, आणि रागावून नाही, काळजीनं. 'शिस्त हवी' म्हणून दटावणारे निवृत्त साहेब गटात एखाददुसरे असतातच. त्यांना हजेरीची वही देऊ नका, स्पीकर द्या.

खंड पडणारच, याचीही सोय करून ठेवा. मोतीबिंदूचं ऑपरेशन, नातवाच्या परीक्षा, गावचं लग्न, तापाचे दिवस. आणि कधी गटातलंच कुणी जातं. तेव्हा आठवडाभर कुणाचे पाय बागेकडे वळत नाहीत. अशा वेळी एकत्र जमा, व्यायाम नाही केला तरी चालेल, पण ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी बसा. मोडलेला नेम घरी एकट्यानं पुन्हा सुरू करणं कठीण जातं.

परत येणाऱ्याला पहिला आठवडा निम्म्याच वेळेचा ठेवू द्या, आणि कुणी 'इतके दिवस कुठे होतात' असं टोमण्यानं विचारू नये. शस्त्रक्रिया झाली असेल तर वाकणं आणि वजन उचलणं कधी सुरू करायचं, ते सर्जनला विचारून यावं. इन्सुलिन किंवा साखर झपाट्यानं उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी येऊ नये आणि खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवावी. छातीत दाब, जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, अचानक घाम, डोळ्यांपुढे अंधारी किंवा बोलताना जीभ जड होणं, यातलं काहीही झालं तर फेरी पूर्ण करायची नाही. तिथेच बसायचं आणि शेजारच्यानं १०८ ला फोन लावायचा. गटातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये हा नंबर आजच टाकून घ्या.